कोपरासाठी हलकी रॅकेट घेतली. आता वजन कुठे आणि किती वाढवावे?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पंचेचाळिशीत आहात, बॅकहँड एका हाताने मारता आणि आठवड्यातून तीन-चार वेळा क्लबात टेनिसची दुहेरी खेळता. ३०० ग्रॅमच्या रॅकेटने खेळताना उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले, म्हणून तुम्ही २७० ग्रॅमची रॅकेट घेतली. दुखणे काही थांबले नाही. उलट जोरात आलेली सर्व्हिस परतवताना आणि नेटजवळ व्हॉली मारताना रॅकेट मुठीत फिरते. क्लबातल्या एका सोबत्याने हेडच्या, म्हणजे स्ट्रिंग असलेल्या गोल भागाच्या, टोकाला चार ग्रॅम शिशाची पट्टी लावायला सांगितली आहे. ती लावावी का, आणि नाही तर किती ग्रॅम कुठे लावावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली अनेक वर्षे गटिंगचे, म्हणजे रॅकेटला स्ट्रिंग ओढून बसवण्याचे, आणि रॅकेटचे वजन-बॅलन्स जुळवण्याचे काम करतो, आणि दुखऱ्या कोपराचे खेळाडू माझ्याकडे बहुधा याच वाटेने येतात. माझे मत आधीच सांगतो: टोकाला चार ग्रॅम लावू नका. तुमच्या रॅकेटला वजन हवे आहे, पण ते आधी मुठीत हवे, मग हेडच्या दोन्ही कडांना हवे, आणि टोकाला लावलेच तर सर्वांत शेवटी. याची कारणे मी आकड्यांसह देतो, म्हणजे उद्या रॅकेट बदलली तरी हिशेब तुमचा तुम्हाला करता येईल.

हलकी रॅकेट हाताला आरामाची असते, ही समजूत दुकानातून सुरू होते. दुकानात आपण रॅकेट उचलून पाहतो, चेंडू मारून पाहत नाही. प्रत्यक्ष खेळात सुमारे ५६ ते ५९ ग्रॅमचा चेंडू वेगाने येऊन स्ट्रिंगवर आदळतो, आणि त्या क्षणी रॅकेट जितकी हलकी तितकी ती मागे ढकलली जाते. मध्यापासून जरा बाजूला लागला, की ती दांड्याच्या अक्षाभोवती वळते. हे ढकलणे आणि वळणे थोपवायला आपण नकळत मूठ आवळतो. मनगट ताठ धरणाऱ्या स्नायूंचे कंडरे कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात, आणि आवळलेल्या मुठीचा ताण थेट तिथेच जातो. एकहाती बॅकहँडमध्ये चेंडू जरा उशिरा घेतला की हा ताण आणखी वाढतो. शिवाय हलक्या रॅकेटना ताकद मिळावी म्हणून कंपन्या त्यांच्या फ्रेम बहुतेक वेळा जाड आणि कडक करतात, आणि बॅलन्स हेडकडे सरकवतात. म्हणजे तुम्ही ३० ग्रॅम कमी केले खरे, पण ते हाताजवळून कमी झाले; हेडकडचे वजन जवळपास होते तिथेच राहिले.

इथे तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे काट्यावरचे वजन. दुसरी म्हणजे बॅलन्स, म्हणजे मुठीच्या तळापासून किती सेंटीमीटरवर रॅकेट आडवी तोलून राहते ती जागा. नेहमीची रॅकेट २७ इंचांची, म्हणजे ६८.६ सेंटीमीटर लांब असते. तिचा मध्य ३४.३ सेंटीमीटरवर येतो. तोल त्याच्या अलीकडे, मुठीकडे असेल तर तिला हेड-लाइट म्हणतात. हा फरक पॉइंटमध्ये मोजतात आणि एक पॉइंट म्हणजे एक अष्टमांश इंच, साधारण ३.२ मिलिमीटर. तिसरी गोष्ट स्विंगवेट, म्हणजे रॅकेट फिरवताना ती किती जड लागते ते. ते मुठीच्या तळापासून १० सेंटीमीटरवरच्या अक्षाभोवती मोजतात, आणि गटिंग केलेल्या नेहमीच्या रॅकेटचे स्विंगवेट बहुधा ३०० ते ३४० किलोग्रॅम-वर्ग सेंटीमीटरच्या दरम्यान येते. भरलेली कळशी कमरेवर घेऊन कोस चालता येते, पण तीच हात लांब करून धरली तर मिनिटभरात खांदा भरून येतो; वजन तेच असते, अंतर बदललेले असते. रॅकेटमध्ये हा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून जागा महत्त्वाची.

हिशेब असा करायचा. जिथे वजन लावणार त्या जागेचे तळापासूनचे अंतर घ्या, त्यातून १० वजा करा, आलेल्या संख्येचा वर्ग करा, ग्रॅमने गुणा आणि हजाराने भागा. एक ग्रॅम टोकाला, म्हणजे साधारण ६८ सेंटीमीटरवर लावला तर स्विंगवेट ३.४ ने वाढते. तोच ग्रॅम हेडच्या रुंद भागाच्या कडेला, म्हणजे साधारण ५२ सेंटीमीटरवर लावला तर सुमारे १.८ ने. हेड जिथे दांड्याला मिळते त्या थ्रोटपाशी अर्ध्या एककाच्या आसपास. आणि मुठीत लावला तर जवळजवळ काहीच नाही. तुमच्या रॅकेटचे मूळ स्विंगवेट तुम्हाला ठाऊक नसले तरी काही अडत नाही, कारण आपल्याला बदलाचाच आकडा हवा आहे आणि तो कागदावर निघतो.

आता तुमचीच रॅकेट घेऊ. कंपनीने छापलेले २७० ग्रॅम हे बिनगटिंगच्या फ्रेमचे असतात. तुम्ही लिहिल्याप्रमाणे तिचा छापील बॅलन्स ३३ सेंटीमीटर आहे. त्यात १६ ग्रॅम स्ट्रिंग, ५ ग्रॅम ओव्हरग्रिप (मूळ ग्रिपवर गुंडाळायची पातळ पट्टी) आणि २ ग्रॅम डॅम्पनर (स्ट्रिंगमध्ये अडकवायचा कंपन कमी करणारा रबरी तुकडा) धरले तर खेळायच्या अवस्थेत ती २९३ ग्रॅम भरते आणि तोल ३३.७ सेंटीमीटरच्या जवळ येतो. म्हणजे ती जेमतेम दोन पॉइंट हेड-लाइट आहे. एवढ्या हलक्या फ्रेमला हा तोल बराच पुढचा आहे, आणि मुठीत ती का फिरते याचे अर्धे उत्तर यातच आहे.

तुमच्या सोबत्याचा सल्ला या आकड्यांवर ताडून पाहू. टोकाला ४ ग्रॅम लावले तर वजन २९७ होईल, तोल ३४.१ वर जाईल, म्हणजे रॅकेट जवळपास समतोल होईल आणि हेड-लाइटपणा संपेल. स्विंगवेट साडेतेराने वाढेल. एवढी वाढ तिसऱ्या सेटमध्ये सर्व्हिस करताना खांद्याला नक्की कळते. आणि ज्या तक्रारीसाठी हे करायचे, ते रॅकेटचे मुठीत फिरणे, तिला याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, कारण टोकाचे वजन दांड्याच्या सरळ रेषेतच बसते आणि त्या रेषेभोवतीच्या वळण्याला विरोध करत नाही. टोकाला शिसे लावण्याचा खरा फायदा वेगळा आहे: हेडच्या वरच्या भागातून लागलेल्या चेंडूत जोर येतो. राफाएल नदालने २०१२ च्या हंगामाच्या सुरुवातीला आपल्या रॅकेटच्या टोकाला ३ ग्रॅम वाढवले होते. इतक्या वरच्या पातळीच्या खेळाडूलाही तीन ग्रॅम हा विचार करून घ्यायचा बदल वाटतो, हे आपण लक्षात ठेवावे.

वळणे रोखायचे तर वजन अक्षापासून बाजूला हवे, म्हणजे घड्याळाच्या भाषेत तीन आणि नऊ वाजताच्या जागी. अमेरिकन खेळाडू पीट सॅम्प्रासच्या ८५ चौरस इंची हेडच्या जुन्या प्रो स्टाफ रॅकेटवर याच जागी शिसे असे. इतके लहान हेड बाजूला लागलेल्या चेंडूवर वळू नये, हा त्याचा हेतू. आपली हेडे आज १०० चौरस इंचांची असली तरी तत्त्व तेच आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन ग्रॅम, असे मिळून ४ ग्रॅम लावले तर वळण्याला होणारा विरोध, ज्याला ट्विस्टवेट म्हणतात, सुमारे ०.६ ने वाढतो. आकडा लहान दिसतो, पण नेहमीच्या रॅकेटचे ट्विस्टवेट १३ ते १५ च्या आसपास असते, तेव्हा ही वाढ चार-पाच टक्क्यांची होते. व्हॉली मारताना आणि सर्व्हिस अडवताना ती पहिल्याच दिवशी जाणवते. स्विंगवेट मात्र सातनेच वाढते, टोकाच्या तुलनेत जवळपास निम्मे.

तरीही सुरुवात तिथून करू नका. दुखऱ्या कोपराला आधी मुठीतले वजन द्या. मूळ ग्रिप उलगडा आणि आतल्या दांड्यावर अर्धा इंच रुंदीच्या शिशाच्या पट्टीचे चार तुकडे, प्रत्येकी साडेबारा सेंटीमीटरचे, दांड्याच्या चार बाजूंना लांबीच्या दिशेने लावा. तळापासून दोन सेंटीमीटर सोडून सुरुवात करा. अर्धा इंची पट्टी पाच सेंटीमीटरला एक ग्रॅमच्या आसपास भरते, तेव्हा हे सगळे मिळून १० ग्रॅम होतील. तरी प्रत्येक तुकडा सोनारी काट्यावर किंवा ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर तोलून घ्या, कारण पट्टीपट्टीत फरक असतो. मग तीच ग्रिप पुन्हा गुंडाळा. आता रॅकेट ३०३ ग्रॅम होईल, तोल ३२.८ वर येईल, आणि स्विंगवेट होते तेवढेच राहील. रॅकेट १० ग्रॅमने जड झाली आहे हे हाताला कळेल, पण ती फिरवायला अवघड लागणार नाही. बहुतेक खेळाडू मला उलट सांगतात, की हेड आता हलके वाटते.

कातडी ग्रिप बसवून हेच साधता येते. ती नेहमीच्या कृत्रिम ग्रिपपेक्षा साधारण १० ग्रॅमने जड असते आणि तिने मुठीच्या कडा बोटांना स्पष्ट लागतात. निरोगी हाताच्या खेळाडूला मी ती आवर्जून सुचवतो. पण ती कडक असते आणि चेंडूचा हादरा जास्त पोचवते, म्हणून कोपर दुखत असताना मऊ ग्रिपखाली शिसे हाच मार्ग मला बरा वाटतो. ग्रिप उलगडायची नसेल, तर चाचणीपुरते बट कॅपच्या, म्हणजे मुठीच्या तळाशी असलेल्या टोपीच्या, झाकणाआड चिकट पुट्टीचा गोळा भरून पाहता येईल. मात्र तो आत घट्ट दाबून बसवा, सैल राहिला तर प्रत्येक फटक्याला आत हलतो.

या बदलासह निदान आठवडाभर खेळा आणि मगच पुढे जा. नंतर तीन आणि नऊला शिसे लावायचे ते पाव इंची पट्टीचे. ती साधारण दहा सेंटीमीटरला एक ग्रॅम भरते. हेडच्या आतल्या कडेला, स्ट्रिंगच्या वर एक आणि खाली एक, असे दहा सेंटीमीटरचे दोन तुकडे एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला. तुकड्याचा मध्य हेडच्या सर्वांत रुंद जागी येऊ द्या. लावण्यापूर्वी फ्रेम स्पिरिटने पुसून कोरडी करा, नाहीतर पावसाळी दमटपणात आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या रॅकेटवर पट्टीच्या कडा सुटतात. सगळे झाल्यावर रॅकेट ३०७ ग्रॅम, तोल ३३.१ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास चार पॉइंट हेड-लाइट, आणि स्विंगवेट मूळपेक्षा सात एककांनी जास्त. टोकाला चार ग्रॅम लावलेल्या रॅकेटशी हे आकडे शेजारी ठेवून पाहा: ही काट्यावर १० ग्रॅमने जड आहे, फिरवायला तिच्याहून हलकी आहे आणि मुठीत कमी वळते.

शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि तुकडे लहान मुलांच्या हाती लागतील असे ठेवू नका. हेडवरच्या पट्ट्या पातळ टेपने झाकल्या तर बोटे वारंवार शिशाला लागत नाहीत. ज्यांना शिसे नकोच असेल त्यांच्यासाठी टंगस्टनच्या पट्ट्या मिळतात. त्या महाग असतात, पण ग्रॅमचा हिशेब तोच राहतो. स्पर्धेत हे चालते का, असेही तुम्ही विचारले आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत रॅकेटच्या लांबी-रुंदीला मर्यादा आहेत, लांबी ७३.७ सेंटीमीटरपर्यंत, वजनाला मात्र मर्यादा नाही, आणि वजन विभागण्यासाठी फ्रेमवर किंवा मुठीवर काही लावणे मान्य आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. वरचे आकडे तुमच्या छापील वजनावरून काढले आहेत, आणि कारखान्यातून आलेल्या एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमध्ये चार-पाच ग्रॅमचा आणि काही मिलिमीटरचा फरक असणे अगदी नेहमीचे आहे. म्हणून काहीही लावण्याआधी आपली रॅकेट आहे त्या अवस्थेत तोला. बॅलन्ससाठी गोल पेन्सिल टेबलावर चिकटवून तिच्यावर रॅकेट आडवी ठेवा, तोलाची जागा खुणेने पकडा आणि टेपने तळापासून मोजा. दोन मिलिमीटरपर्यंत हे मोजमाप विश्वासाचे येते. तुमचा बॅलन्स मी धरला त्यापेक्षा मुठीकडे निघाला, तर मुठीत १० ऐवजी ५-६ ग्रॅमच पुरतील. तुम्ही दोन ओव्हरग्रिप चढवत असाल तर त्याचे ५ ग्रॅम आधीच मुठीत आहेत. पण प्रत्येक ओव्हरग्रिपने मुठीचा घेर सुमारे अर्ध्या मापाने वाढतो, हेही पाहा.

तुमच्या फटक्याची पद्धतही यात येते. लांब, संथ झोक्याने मारणाऱ्याला जास्त स्विंगवेट मानवते, कारण रॅकेट स्वतःच काम करते. मनगटाने झटका देऊन टॉपस्पिन काढणाऱ्याला तेच स्विंगवेट उशीर करवते. तुम्ही एकहाती बॅकहँड मारता आणि दुहेरी खेळता, म्हणजे तुम्हाला व्हॉली आणि रिटर्न जास्त, बेसलाइनवरच्या लांब रॅली कमी. अशा खेळाला हेड-लाइट रॅकेट सोयीची, कारण नेटजवळ ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पटकन नेता येते. एकेरी खेळणाऱ्या विशीतल्या मुलाने हाच प्रश्न विचारला असता, तर मुठीत कमी आणि हेडमध्ये जास्त असे मी सांगितले असते.

आणि एक गोष्ट वजनाच्याही आधी बघावी लागते: स्ट्रिंग. तुम्ही पॉलिएस्टर स्ट्रिंग ५५ पौंडांच्या ताणावर घेतली आहे आणि ती चार महिने बदललेली नाही, असे तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात. मला मात्र तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच वाटली. पॉलिएस्टर मुळात कडक असते. ताण उतरला तरी ती मऊ होत नाही, निर्जीव होते, आणि हादरा शोषणे सोडून देते. ती पहिल्यांदा काढा आणि ५० ते ५२ पौंडांवर मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक तंतूंची मऊ स्ट्रिंग, घ्या. ताज्या मल्टिफिलामेंटवर कोपराचे दुखणे निम्म्यावर आलेले मी पुष्कळदा पाहिले आहे, वजनाला हातही न लावता. मल्टिफिलामेंट बहुधा पॉलिएस्टरपेक्षा ग्रॅम-दीड ग्रॅमने हलकी असते, त्यामुळे स्विंगवेट दोन-तीन एककांनी उतरेल. हेडमध्ये शिसे लावताना ती जागा तुमच्या हाताशी राहील.

क्रम म्हणून असा धरा: आधी स्ट्रिंग, मग मूठ, मग तीन आणि नऊ, आणि प्रत्येक पायरीच्या मधे निदान आठवडा. एकाच दिवशी स्ट्रिंग आणि वजन दोन्ही बदलले, तर कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले हे कोणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी एका वहीत तारीख, वजन, तोल आणि खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर कसे होते हे लिहा. कोर्टवर असताना हात गरम असतो आणि दुखणे लपते; सकाळी कपबशी उचलताना जे कळते ते खरे.

तीन-नऊपर्यंत पोचल्यावर खेळातल्या खुणा वाचा. व्हॉली स्थिर झाली, पण रिटर्नला बॅकहँड सतत उशिरा लागतो आणि चेंडू बाजूच्या रेषेबाहेर जातो, तर स्विंगवेट तुमच्या हाताला जास्त झाले आहे. दोन्ही बाजूंचा एकेक तुकडा काढा. वेळेवर लागतो पण चेंडू आखूड पडतो, तर काढलेले परत लावा, आणि त्यानंतरच टोकाला एक ग्रॅम, एकच, लावून पाहा. सर्व्हिसच्या शेवटी खांदा जड होत असेल, तर हेडला आणखी काही लावू नका, कोणी काहीही सांगो. आणि मुठीतले वजन जास्त झाले की हेड कुठे आहे हेच हाताला कळेनासे होते, फटके हवेत सैल जातात. तेव्हा मुठीतून तीन-चार ग्रॅम कमी करा.

या सगळ्यानंतर तुम्ही ३१५ ग्रॅमच्या पुढे जाऊ लागलात, तर २७० ग्रॅमच्या फ्रेमवर शिसे चढवत बसण्यापेक्षा ३०० ग्रॅमची, ३२ सेंटीमीटर बॅलन्सची, कमी कडक फ्रेम घेणे शहाणपणाचे. खेळायच्या अवस्थेत ती जवळपास तिथेच पोचते आणि वजन फ्रेममध्येच नीट वाटलेले असते. तुमची जुनी ३०० ग्रॅमची रॅकेट अजून घरी असेल, तर तिच्यावर मल्टिफिलामेंट घालून एकदा खेळून पाहा; दोष वजनाचा नसून त्या वेळच्या स्ट्रिंगचा असण्याची शक्यता बरीच आहे.

एका बाबतीत मात्र थांबू नका. विश्रांतीतही कोपर दुखत असेल, रात्री झोप मोडत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर रॅकेट बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मनगटाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. तोवर रॅकेट फक्त तोलून ठेवा; गटिंग केलेले वजन, तोल आणि फ्रेमचे मॉडेल मला कळवलेत, तर ग्रॅमचा नेमका हिशेब मी करून देईन.